मुंबईच्या रस्त्यांवर दुचाकी मऊ कशी चालेल? शॉकअपच्या सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की हे प्रश्न यायला लागतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. शब्द वेगवेगळे असतात, दुखणं एकच: गाडी दणकते, पाठ भरून येते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यातल्या बऱ्याच कामाला पैसे लागत नाहीत. एक पाना, एक मोजपट्टी आणि मदतीला एक माणूस पुरतो. दहा-दहा वर्षं दणके खाऊन, शॉकअपला सेटिंग असतं हेच माहीत नसलेले लोक भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

1. सस्पेन्शन मऊ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

खड्ड्याचा हादरा तीन ठिकाणी जिरतो: टायरमधल्या हवेत, शॉकअपच्या स्प्रिंगमध्ये आणि शॉकअपच्या आतल्या तेलात. स्प्रिंग दाबली जाऊन जोर साठवते. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि तो जोर उष्णतेच्या रूपात संपवतं. तेलाचं काम बंद पडलं, तर एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा उसळत राहते.

चाकाला वर-खाली जायला कंपनीनं ठरावीक जागा दिलेली असते. ती जागा नीट वापरली गेली की गाडी मऊ लागते. स्प्रिंग आधीच फार दाबून ठेवली असेल तर जागा वापरलीच जात नाही आणि धक्का सरळ अंगात येतो. फार सैल सोडली तर जागा संपते, शॉकअप आतल्या रबरी स्टॉपरवर आपटतो आणि तो दणका मणक्यापर्यंत पोचतो. म्हणून सगळ्यात सैल सेटिंग सगळ्यांत आरामाचं असेलच असं नाही. खालच्या निम्म्या उत्तरांचं मूळ इथे आहे.

2. माझ्या गाडीत काय काय फिरवता येतं, ते कसं ओळखू?

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली (काही गाड्यांत वर) पायऱ्यापायऱ्यांची एक लोखंडी कडी दिसेल. ती प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते ठरवणारी कडी. स्प्लेंडर प्लसला तिच्या 5 खाचा आहेत, क्लासिक 350 ला 6, अ‍ॅक्टिवा 6जी ला 3. साध्या गाड्यांत एवढंच फिरतं, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या दोन नळ्या) बाहेरून फिरवता येत नाही. महागड्या गाड्यांत तेलाच्या वाटेवरही ताबा देतात. 2023 साली आलेल्या नव्या केटीएम 390 ड्यूकच्या फोर्कला कम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्हींचे क्लिक आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न 11 मध्ये.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. खाच वाढवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून जास्त दाबलेली असते. त्यामुळे गाडी मागून थोडी उचलली जाते आणि पहिला दाब घ्यायला जास्त जोर लागतो. स्प्रिंगची खरी ताकद तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि वेढ्याच्या व्यासावर ठरते. ती बदलायची तर स्प्रिंगच बदलावी लागते.

3. पाना हातात घेण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी हवा, आणि ती गाडी थंड असताना. चेन कव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून वर-खाली होणारा दांडा) किंवा मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला बहुतेकदा न विचारता दोन्ही चाकांत भरपूर हवा भरून देतो. स्कूटरच्या पुढच्या चाकाला कंपनी वीस-बावीस पीएसआय सांगत असताना तिथे पस्तीस सापडतात. अशी गाडी मागे कोणतीही खाच ठेवली तरी दणकणारच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, आकडा तोंडानं सांगा आणि भरताना मीटरकडे बघा. शंभर जणांनी "शॉकअप गेले" म्हणून विचारलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना पहिलं उत्तर हेच द्यावं लागतं.

त्यानंतर टायर जुना होऊन कडक झालाय का, रिम वाकली आहे का, आणि फोर्कवर किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे का ते पाहा. ओघळ असेल तर आधी प्रश्न 14.

4. मग हवा सांगितल्यापेक्षा कमी ठेवली तर गाडी आणखी मऊ होईल ना?

होईल, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम वाकेल. काँक्रीटच्या रस्त्यात मध्येच खणलेल्या चराची कड धारदार असते. कमी हवेचा टायर तिथे रिमपर्यंत दबतो. अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो, ट्यूबलेसची हवा रिमच्या काठातून सुटू शकते. लांब पल्ल्यावर कमी हवेचा टायर तापतोही जास्त. कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ नका. उन्हात चालवून तापलेल्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त दिसले तर ते काढायचेही नाहीत, थंड झाल्यावर ते आपोआप उतरतात.

5. मागच्या शॉकअपची खाच घरच्या घरी कशी बदलायची?

गाडी मेन स्टँडवर घ्या, म्हणजे मागच्या चाकावरचा भार निघेल. कडीभोवतीची माती जुन्या ब्रशनं काढा आणि थोडा गंज सोडवणारा स्प्रे मारा. हुकासारखं टोक असलेला पाना लागतो, काही गाड्यांच्या टूलकिटमध्ये तो येतो, नाहीतर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. पाना कडीच्या खोबणीत पूर्ण बसवून हळू फिरवा. स्प्रिंगची बैठक उंच पायरीवर चढली म्हणजे खाच वाढली, खालच्या पायरीवर उतरली म्हणजे कमी झाली. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकून फिरवू नका, कडीची धार मोडते आणि मग ती कधीच नीट बसत नाही.

दोन शॉकअप असतील तर दोन्हींकडे तीच खाच हवी. एकीकडे दुसरी आणि एकीकडे चौथी असेल तर स्विंगआर्मवर पीळ येतो. सर्व्हिसिंगहून परत आलेल्या गाड्यांत हे आढळतं, म्हणून एकदा खाली वाकून स्वतः मोजा.

स्कूटरचा शॉकअप कव्हरच्या आड, अडचणीच्या जागी असतो. हात पोचत नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला आठवणीनं सांगा आणि झाल्यावर दाखवायला सांगा. सुरुवातीची खाच कोणती होती ते लिहून ठेवा, एका वेळी एकच खाच बदला आणि रोजच्याच रस्त्यावरून दोन दिवस चालवून बघा. नवीन रस्त्यावर तुलना करता येत नाही.

6. "सॅग बघा" असं सगळे सांगतात. ते काय असतं आणि कसं मोजायचं?

तुम्ही गाडीवर बसलात की ती जेवढी खाली बसते, तो सॅग. सेटिंग बरोबर आहे का हे अंदाजानं नाही तर मापानं कळतं, ते यातूनच. मदतनीस मात्र हवा.

आधी गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक लोंबकळतं ठेवा. चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटखाली एक जागा निवडा, तिथे चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. हे पहिलं माप. मग गाडी स्टँडवरून उतरवून सरळ धरा, कोणी बसू नका, तेच अंतर पुन्हा मोजा. हे दुसरं. आता रोज घालता तेच कपडे, हेल्मेट आणि बॅग घेऊन बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, मदतनिसानं पुढून हँडल धरावं, आणि तिसरं माप घ्या. शॉकअपमध्ये घर्षण असतं, त्यामुळे दर वेळी गाडी एकदा दाबून हळू सोडून आणि एकदा उचलून हळू सोडून मोजा, दोन्हींची सरासरी धरा.

पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की तुमच्यासह सॅग मिळतो. रस्त्यावरच्या गाडीला तो चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. क्लासिक 350 च्या फोर्कची हालचाल 130 मिमी आहे, म्हणजे पुढे साधारण 33 ते 43 मिमी. हिमालयन 450 ला पुढेमागे 200 मिमी आहे, तिथे 50 ते 67. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल. सॅग कमी भरला तर खाच उतरवा, जास्त भरला तर चढवा.

आता यातली अवघड बाजू. पहिल्यातून दुसरं माप वजा केलं की नुसत्या गाडीचा सॅग मिळतो. तुमच्यासह सॅग बरोबर आणायला खाच इतकी चढवावी लागली की नुसती गाडी जराही खाली बसत नाही, तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाला कमी ताकदीची आहे. उलट, तुमच्यासह सॅग बरोबर आहे पण नुसती गाडीच खूप खाली बसते, तर स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त ताकदीची आहे. दोन्हींत कडी फिरवून काम होणार नाही, योग्य स्प्रिंग शोधावी लागेल.

7. पहिल्या खाचेवर, म्हणजे सगळ्यात मऊवर ठेवलंय. तरी दणके बसतात. असं का?

दणका कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा. बारीकसारीक उंचवट्यांवरही सतत टोचल्यासारखं वाटत असेल तर सस्पेन्शन हलतच नाहीये: हवा जास्त आहे, बुश (हलत्या सांध्यांतल्या छोट्या नळकांड्या) सुकलेत, किंवा तेल जाड आहे. लहान खड्डे गाडी छान गिळते पण मोठ्या खड्ड्यात "धाड्" असा एकच धातूचा दणका येतो, तर जागा संपते आहे. अशा वेळी खाच एक-दोननं वाढवा. कडक करण्याच्या दिशेनं जाऊन गाडी मऊ होते हे पहिल्यांदा पटत नाही, पण ऐंशी-नव्वद किलोच्या चालकाला बहुधा याचाच उपयोग होतो.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. शॉकअपचा दांडा दिसत असेल तर त्याच्यावर, आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलला (तेल अडवणाऱ्या रबरी कडीला) टेकून एक बारीक प्लॅस्टिकचा झिपटाय सैलसर बांधा. एक दिवस चालवा. तो सरकून कुठवर गेला ते दिसेल. रोजच्या रस्त्यावर थोडी जागा शिल्लक राहावी आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट खड्ड्यात ती जेमतेम संपावी.

वजन पन्नास किलोच्या आसपास असेल आणि पहिल्या खाचेवरही सॅग कमी भरत असेल, तर स्प्रिंग दोन माणसांच्या हिशेबानं दिलेली आहे. इथे हवा नेमकी ठेवणं, बुशना ग्रीस आणि सीट (प्रश्न 17) एवढेच स्वस्त उपाय उरतात.

8. सकाळी एकटा असतो, संध्याकाळी बायको आणि मुलगी मागे असतात. दोन वेळा सेटिंग कोण बदलणार?

रोज कोणीच बदलत नाही, हे मान्य. ज्या प्रवासात दणके जास्त लागतात त्याच्यासाठी सेट करा. दोघं-तिघं असताना गाडी स्टॉपरवर आपटत असेल तर ती मधल्या खाचेवर ठेवा आणि एकट्याच्या वेळचा थोडा ताठपणा सोसा. मागच्या सीटवर बसणारी व्यक्ती मागच्या चाकाच्या जवळजवळ वर बसते, तिला दणका चालकापेक्षा जास्त लागतो. तिला विचारल्याशिवाय सेटिंग पक्कं करू नका.

गणपतीला कोकणात बाइकवरून निघताना मात्र खाच आणि मागची हवा दोन्ही डबलसीटच्या आकड्यावर न्या. सामान, माणूस आणि घाट एकत्र आले की सैल गाडी वळणावर डुलते. हेडलाइटचाही रोख बघा: मागून गाडी बसली की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

9. माझ्या भावाची बाइक त्याच खड्ड्यातून आरामात जाते, माझी स्कूटर आपटते. स्कूटर खराब आहे का?

नाही, तिची घडणच तशी आहे. अ‍ॅक्टिवा 6जी चं पुढचं चाक 12 इंची, मागचं 10 इंची. बाइकचं 17-18 इंची चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जातं, त्याच खड्ड्यात 10 इंची चाक आत उतरतं. शिवाय बहुतेक स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच वर-खाली होतं. चाकाकडचं वजन जितकं जास्त, तितकं ते झटकन वर उचलणं शॉकअपला जड जातं. म्हणून स्कूटरच्या मागच्या दणक्याची तक्रार पूर्ण मिटत नाही, कमी मात्र नक्की होते.

हवा, योग्य खाच आणि इंजिन जिथे चासीला जोडलेलं असतं तिथले रबरी बुश, या तीन गोष्टी बघा. बुश फाटलेले असतील तर नवीन शॉकअप बसवूनही खडखड थांबत नाही. बऱ्याच जुन्या स्कूटरमध्ये, अ‍ॅक्टिवाच्या 6जी आधीच्या पिढ्यांसकट, पुढे टेलिस्कोपिक फोर्क नाही, छोट्या लिंकची रचना आहे. तिच्या बुशमध्ये खेळ आला की हँडलला थरथर येते.

10. पुढचा फोर्क कडक वाटतो. मेकॅनिक म्हणतो तेल जाड टाकू, मऊ होईल. टाकू का?

नको. जाड तेलानं गाडी आणखी टोचेल. साध्या गाड्यांच्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतूनच जातं, आणि चाक दुप्पट वेगानं वर आलं की तेलाचा अडथळा चौपट होतो. धारदार कडेवर चाक फार वेगानं वर येतं. तेल जाड असेल तर त्या क्षणी फोर्क जवळजवळ गोठतो. जाड तेलानं ब्रेक दाबल्यावर पुढून बसणं मंदावतं, त्यामुळे गाडी "टाइट" वाटते आणि काम छान झाल्यासारखं भासतं. फरक खड्ड्यात कळतो.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच तेल (बऱ्याच गाड्यांत एसएई 10 डब्ल्यू) आणि दिलेलंच माप, दोन्ही पायांत सारखं. मापापेक्षा जास्त तेल घातलं तर वरची हवेची पोकळी लहान होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क फार लवकर ताठ होतो. बहुतेक गाड्यांत हे तेल कधीच बदललेलं नसतं. काळं, पाण्यासारखं पातळ तेल काढून ताजं घातल्यावर हँडलमध्ये जो फरक पडतो, त्यानं लोक खरंच चकित होतात.

स्प्रिंगवर पाइपचा तुकडा किंवा वॉशर घालणं, मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर बसवणं, हेही सुचवलं जातं. पहिल्यानं प्रीलोड वाढतो, दुसऱ्यानं काही वेढे बंद होऊन स्प्रिंग कडक होते. गाडी आपटत असेल तर तात्पुरता उपयोग होईल, मऊ मात्र होणार नाही.

11. कम्प्रेशन आणि रिबाउंडचे स्क्रू किती फिरवायचे?

कम्प्रेशन म्हणजे चाक वर येतानाचा तेलाचा अडथळा, रिबाउंड म्हणजे परत खाली जातानाचा. आधी सॅग (प्रश्न 6) बरोबर करा, नाहीतर हे स्क्रू फिरवून नुसता गोंधळ वाढतो. मग स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करत क्लिक मोजा आणि तो आकडा लिहा. शेवटी जोर लावू नका, आतली सुई खराब होते. आता परत मूळ जागी आणा.

धारदार खड्डे टोचत असतील तर कम्प्रेशन एक क्लिक सोडा. रिबाउंड तपासायला सीट जोरात दाबून हात काढा: गाडी एकदा वर येऊन शांत बसली पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली-वर झाली तर रिबाउंड कमी पडतोय. फार आळसावत वर आली तर जास्त आहे. आराम शोधणारे रिबाउंड एकदम मोकळा सोडतात, मग मागची सीट प्रत्येक उंचवट्याला ढुंगणाला फेकून देते.

12. एका खड्ड्यात काही वाटत नाही, पण पेव्हर ब्लॉकवर आणि रंबलर पट्ट्यांवर गाडी दगडासारखी होते. हे काय?

पट्ट्या एकामागोमाग येतात. रिबाउंड जास्त असेल तर एका पट्टीनंतर चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरी पट्टी येते. दर वेळी सस्पेन्शन थोडं थोडं आत अडकत जातं आणि शेवटी हालचालीला जागाच राहत नाही. रिबाउंडचा स्क्रू असेल तर एक-दोन क्लिक सोडा. स्क्रू नसेल तर फोर्कमध्ये मापापेक्षा जाड तेल पडलं आहे का ते बघा. आणि हवा, पुन्हा एकदा.

13. पावसाळा संपल्यावर गाडी दर वर्षी जास्त कडक का वाटते?

चिखल आणि पाणी बुश-बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि हालचाल अडखळते. मोनोशॉक (मागे एकच शॉकअप) आणि लिंकेज (तो स्विंगआर्मला जोडणारे छोटे दांडे) असलेल्या गाड्यांत लिंकेजची बेअरिंग गंजून जाम झालेली सापडतात. शॉकअप उत्तम असतो, पण त्याच्यापर्यंत हालचाल पोचतच नाही. ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगला स्विंगआर्म आणि लिंकेज उघडून ग्रीस भरायला सांगा. हे नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये धरलेलं नसतं, वेगळं सांगावं लागतं.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत फोर्कच्या नळीवर गंजाचे ठिपकेही लवकर येतात. ते सील कापतात. गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा नळ्या ओल्या मऊ फडक्यानं पुसा.

14. फोर्कमधून तेल गळतंय. सील बदलावंच लागेल का?

दर वेळी नाही. धुळीचा कण सीलच्या ओठाखाली अडकला तरी तेल झिरपतं. वरचं डस्ट सील हळूच खाली-वर सरकवून स्वच्छ करा, मग कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची गुळगुळीत पट्टी सील आणि नळीच्या मध्ये घालून गोल फिरवा. कण बाहेर आला तर गळती थांबते. नळीवर खड्डे पडले असतील तर नवीन सीलही टिकणार नाही.

तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उतरत असेल तर गाडी चालवणं थांबवा. त्या वेळी आरामाचा विचार बाजूला.

15. खड्ड्यात पुढून टक-टक आवाज येतो. शॉकअप गेला?

पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट हँडलच्या मुळाशी ठेवा. तिथे खेळ जाणवला तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल झालाय, तो कसला की आवाज जातो. खेळ फोर्कच्या नळीत जाणवला तर आतले बुश झिजलेत.

16. मी डिलिव्हरी करतो. पाठीवर किंवा कॅरिअरला मोठी बॅग, दिवसभर गाडीवर. काय सेटिंग ठेवू?

कॅरिअरवरचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतं, त्यामुळे मागचं जास्त बसतं आणि पुढचं हलकं होतं. एकट्याच्या सेटिंगपेक्षा एक खाच वर ठेवा, मागची हवा भाराच्या आकड्याकडे. बॅग पाठीवर असेल तर तिचा प्रत्येक हिसका खांद्यांतून मणक्यावर येतो. शक्य असेल तर ती गाडीला बांधा, जड वस्तू तळाशी आणि पुढे. दिवसभर गाडीवर बसणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला हवा आणि खाच तपासणं ही चैन नाही, कामाच्या हत्याराची निगा आहे.

17. सीट बदलू की शॉकअप?

आधी सेटिंग, मग सीट, शेवटी शॉकअप. जुन्या सीटचा फोम मधोमध बसलेला असतो. अंगठ्यानं दाबल्यावर खालची प्लेट लागली तर फोम संपला. फार मऊ फोम पहिल्या दहा मिनिटांत छान वाटतो आणि ठाण्याहून फोर्टपर्यंत येईस्तोवर तळाला टेकतो. त्यापेक्षा घट्ट फोमवर पातळ मऊ थर चांगला. फोमनं बारीक थरथर कमी होते, मोठा दणका तो थांबवू शकत नाही.

18. महागडा गॅसचा शॉकअप घेतला तर प्रश्न सुटेल का? आणि कायद्याचं काय?

नायट्रोजनच्या दाबामुळे तेलात फेस होत नाही, त्यामुळे सतत खराब रस्त्यावर शॉकअप तापला तरी तेलाची पकड टिकते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हा फायदा थोडाच जाणवतो. जास्त पैसे द्यायचेच असतील तर तुमच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडून देणाऱ्याला द्या. नुसता लाल रंगाचा, गॅसची बाटली लावलेला शॉकअप वजन न विचारता विकला जात असेल तर घेऊ नका. आणि गॅसचा शॉकअप घरी कधीही उघडू नका, आत मोठा दाब असतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. कंपनीनं दिलेली खाच फिरवणं हा असा बदल नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीला बाहेरचा शॉकअप बसवण्याआधी मात्र सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

19. उंची कमी आहे, पाय टेकत नाहीत. खाच उतरवून गाडी खाली आणली तर मऊही होईल आणि टेकेलही, बरोबर?

थोडीशी खाली येईल, पण सॅग वाढून आपटायला लागेल (प्रश्न 7), आणि पोट गतिरोधकाला घासेल. साइड स्टँडवर गाडी जास्त सरळ उभी राहते, जराशा उतारावरही पलीकडे पडू शकते. चेनचा ताणही बदलतो, तो पुन्हा बघावा लागतो. उंचीसाठी सीटचा फोम बाजूंनी कोरून घेणं जास्त सुरक्षित.

20. इलेक्ट्रिक स्कूटरला हेच सगळं लागू होतं का?

हो, एका फरकासह. टीव्हीएस आयक्यूबसारख्या गाडीत मोटर मागच्या चाकातच आहे, म्हणून प्रश्न 9 मधला चाकाकडच्या वजनाचा मुद्दा इथेही येतो. मोटर मध्ये बसवून बेल्टनं चाक फिरवणाऱ्या एथर 450 सारख्या गाड्यांत ते वजन कमी असतं. गाडी निवडायची असेल तर रेंजबरोबर हेही विचारा.

21. मणक्याचा त्रास आहे. सस्पेन्शन सेट केल्यावर मी बाइक चालवू शकेन का?

हा निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी बंद करा म्हटलं तर कोणतंही सेटिंग त्याला पर्याय नाही. चालवायला परवानगी असेल तर सेटिंगनं नक्की फरक पडतो. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त दाद देतं, आणि स्टॉपरवर आपटणारी गाडी वर अचानक धक्के देते. सॅग मोजून घ्या, हवा दर आठवड्याला बघा, बॅग पाठीवर घेऊ नका.

22. नवी कोरी गाडी आहे, तरी कडक. परत करू?

पहिले काही शे किलोमीटर सील आणि बुश बसायला जातात. तोवर फक्त हवा बघा. शोरूममधून गाडी बऱ्याचदा जास्त हवेनिशी बाहेर पडते.

23. सगळं केलं. पण समोर खड्डा आलाच आणि चुकवता येत नाही, तेव्हा काय करायचं?

खड्ड्याच्या आधी ब्रेक मारा आणि चाक आत जायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना फोर्क आधीच खाली बसलेला असतो, उरलेली जागा खड्ड्याला पुरत नाही. बाइकवर असाल तर गुडघे किंचित वाकवून फूटरेस्टवर भार घ्या आणि सीटवरून दोन बोटं उठा, पाय मोठा दणका पिऊन टाकतात. स्कूटरवर उभं राहता येत नाही, तिथे वेग हाच एक उपाय.

पाण्यानं भरलेला खड्डा खोल आहे असंच धरून चला. गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, ताशी 25 किलोमीटरला गाडी त्यावरून नीट जावी या हिशेबानं. सोसायटीच्या गेटासमोर हातभर रुंदीचा जो उंच बांध घातलेला असतो, त्याच्यासाठी कोणत्याही गाडीचं सस्पेन्शन बनवलेलं नाही. तो चालण्याच्या वेगानं, सरळ रेषेत ओलांडा. तिरकं गेलात तर ओल्या पट्टीवर मागचं चाक घसरतं.